हाक एकदाच मारायची

अफगाणिस्तानच्या पूर्वेकडच्या डोंगरात आमच्या प्लाटूनची पोस्ट होती. मी अमेरिकन सैन्यात कॉम्बॅट मेडिक होतो, म्हणजे लढाईत जखमींवर जागेवरच उपचार करणारा सैनिक. मेडिकला तिथे सगळे ‘डॉक’ म्हणतात. आमचं घर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावचं. मी डॉक्टर व्हावं अशी बाबांची इच्छा होती. ‘डॉक’ हे नाव कळल्यावर ते फोनवर म्हणाले होते, “शॉर्टकट मारलास.”

स्पेशालिस्ट हुद्द्याचा ट्रॅव्हिस आमचा मशीनगनर. दक्षिण ओहायोत, डोंगरातल्या एका शेतावर वाढलेला. त्याच्या किटबॅगेत वीतभर लांब लाकडी डबी होती, वडिलांनी अक्रोडाच्या लाकडातून करून दिलेली. झाकण तिच्या कडेवर घासलं की जंगली टर्की पक्ष्याच्या मादीसारखा आवाज निघतो आणि वसंतात नर त्या आवाजाच्या दिशेने येतो. गार्ड ड्यूटी संपली की ट्रॅव्हिस मला ती वाजवायला शिकवायचा. आसपास टर्की नव्हतीच. प्लाटून सार्जंट वैतागायचा.

“हाक एकदाच मारायची, डॉक,” ट्रॅव्हिस सांगायचा. “मग गप्प बसायचं. सारखी मारलीस तर त्याला संशय येतो.”

एका सकाळी पुलाजवळ आमच्या ताफ्यातली दुसरी गाडी स्फोटात उलटली. रेडिओवर एवढंच आलं : “डॉक, पुढे ये. गनर.” मी पोचलो तेव्हा ट्रॅव्हिस शुद्धीवर होता. हेलिकॉप्टर वेळेत आलं. पण हॉस्पिटलच्या वाटेवरच त्याने प्राण सोडला. डबी त्याच्या सामानाबरोबर त्याच्या वडिलांकडे गेली.

सैन्य सोडल्यापासून दर एप्रिलमध्ये मी त्याच्या वडिलांकडे जातो. त्यांचं नाव अर्ल. ते ट्रॅव्हिसच्या डबीने हाक मारतात आणि बंदूक माझ्याकडे असते. नर मिळाला की त्याच्या शेपटीचं एक पीस ट्रॅव्हिसच्या थडग्यावर ठेवायचं, ही आमची पद्धत.

या वर्षी बाबाही आले. ते आता रिटायर झालेत. “दर वर्षी जातोस तरी कुठे, ते एकदा बघू दे,” म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी मांस खाल्लेलं नाही. ट्रॅव्हिसला ते कधी भेटले नव्हते.

पोचल्यावर अर्लने जेवणाच्या टेबलाशी दोन गोष्टी सांगितल्या. गुडघे आणि डोळे साथ देत नाहीत, तेव्हा उन्हाळ्यात शेत विकून ते मुलीकडे राहायला जाणार होते. म्हणजे या जंगलातला हा शेवटचा हंगाम. दुसरी गोष्ट कायोटीची. कायोटी म्हणजे लांडग्याचा लहान भाऊ. तो टर्कीची अंडी आणि पिल्लं खातो. पक्षी दर वर्षी कमी होत होते.

“दिसला तर विचारत बसू नकोस,” अर्ल म्हणाले. “पाड.”

“येस, सर.”

दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना मी बाबांची तपासणी केली. पांढरा रुमाल काढून घेतला. नराचं डोकं पांढरं, लाल आणि निळं असतं. दुसरा शिकारी फसून गोळी झाडू शकतो, म्हणून हे रंग शिकारीत अंगावर चालत नाहीत. मग खिशातून चिवड्याचा डबा निघाला.

“बाबा, कुरकुर ऐकू जाते.”

“नुसते काजू खाईन.”

“डबा ट्रकमध्ये.”

“आर्मी सुटली, पण तुझी आर्मी सुटत नाही,” बाबा म्हणाले आणि डबा दिला.

उजाडताना आम्ही जागा घेतल्या. मी एका ओकला टेकून बसलो, बाबा माझ्या उजवीकडे. अर्ल माझ्या डावीकडे, तीसेक पावलांवर, दुसऱ्या झाडाशी. त्यांनी डबी एकदा घासली. समोरच्या चढापलीकडून नराने उत्तर दिलं. अर्लने परत हाक मारली नाही. पुढचं उत्तर जवळून आलं. मी बंदूक गुडघ्यावर घेतली.

तेवढ्यात बाबांनी माझ्या कोपराला हात लावला.

“कुत्रा आहे का रे तो?”

कायोटी होता. पोट जमिनीला टेकवत तो अर्लच्या दिशेने सरकत होता. त्याच्या हिशेबाने त्या झाडाशी टर्कीची मादी बसली होती. जाळीदार मुखवटा, हिरवे कपडे, हालचाल नाही. अर्ल त्याला माणूस वाटत नव्हते. अर्लना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि कायोटी डावीकडूनच येत होता. ते रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेतात. चेहऱ्यावर झडप बसली असती तर रक्त थांबवणं अवघड होतं. मोबाइलला रेंज नव्हती.

मी बंदूक वळवली. माझ्या आणि कायोटीच्या मध्ये, सरळ रेषेत, अर्ल होते. फायर करणं शक्य नव्हतं. बोललो असतो तर नर गेला असता. तो चढाच्या माथ्यावर आला होता, पानांवरची त्याची पावलं ऐकू येत होती.

पडलेल्या ओंडक्याला वळसा घालताना कायोटी रेषेबाहेर आला. आता लाइन क्लिअर होती. मी बंदुकीच्या चापाची सेफ्टी काढली.

वळताना त्याची कूस दिसली. पोटावरचे केस गेलेले, आचळं भरून लोंबत होती. ती मादी होती.

“लेकुरवाळी आहे रे,” बाबा पुटपुटले.

ऑर्डर होती. नेम होता. अर्लच्या पक्ष्यांचं नुकसानही खरं होतं. पण ती हाकेवर आली होती आणि हाक आमची होती.

मी सेफ्टी लावली आणि नेहमीच्या आवाजात, स्पष्ट बोललो, “अर्ल, डावीकडे. कायोटी.”

ती जागच्या जागी वळली आणि दिसेनाशी झाली. नराने पुढचं उत्तर दिलं ते दरीच्या पलीकडून.

अर्ल झाडाला धरून उठले. मी जवळ गेलो.

“लाइन नव्हती?”

“आधी नव्हती. नंतर होती.”

“मग?”

“पिल्लांना पाजतेय, सर.”

बाबा मागून आले.

“मिस्टर अर्ल, मीच त्याला सांगितलं, ती आई आहे म्हणून.”

अर्लने मुखवटा काढला. डबीचं झाकण रबर बँडने बंद करायला त्यांना वेळ लागला.

“ट्रॅव्हिसनेही सोडली असती,” ते म्हणाले. “आणि मी त्याला दिवसभर शिव्या घातल्या असत्या. डॉकलाही घालणार आहे. आधी तो तुमचा कुरकुरीत डबा काढा.”

ट्रकच्या मागच्या फळीवर बसून आम्ही चिवडा खाल्ला. अर्लना तिखट लागला, पण त्यांनी दोनदा घेतला. बाबांनी त्यांच्या मांडीवर स्वतःचा पांढरा रुमाल पसरून दिला.

परतताना चर्चमागच्या स्मशानात थांबलो. मागच्या वर्षीचं पीस वाऱ्याने कधीच नेलं होतं. ठेवायला नवीन नव्हतं. अर्ल थडग्याच्या दगडाजवळ गेले. मग त्यांनी खिशातून डबी काढली आणि बाबांपुढे धरली.

“मला येत नाही,” बाबा म्हणाले.

“ट्रॅव्हिसलाही आधी येत नव्हतं.”

बाबांनी झाकण घासलं. आवाज टर्कीसारखा नव्हता. ते दुसऱ्यांदा घासायला गेले, तेव्हा अर्लने हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला.

हाक एकदाच मारायची. आम्ही तिघं गप्प उभे राहिलो.