बाबांना धक्का बसायला नको

छातीवर गार जेली लावून तंत्रज्ञ यंत्राचं डोकं टेकवतो आणि टकटक सुरू होते. हृदयाच्या ठोक्याबरोबर आत एक बारीकसा धक्का जातो. बायपास मला झेपणार नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी हा उपाय सुचवला. "धक्क्यांनी नव्या रक्तवाहिन्या तयार होतील अशी आशा असते. काहींना बरं वाटतं, पण खात्री देता येत नाही," ते म्हणाले. निदान खरं तरी बोलले.

घरात तेवढंही कोणी बोलत नाही. आजार कळल्यापासून तिथे एकच वाक्य फिरतंय, "बाबांना धक्का बसायला नको." मी खोलीत आलो की टीव्हीवरच्या बातम्या बंद होतात आणि बोलणं हवापाण्यावर येतं. शाळेपासूनचा माझा मित्र बाळू गेला, ते मला त्याचं तेरावं झाल्यावर कळलं, तेही दाढी करता करता न्हाव्याकडून. बायकोला जाब विचारला तर म्हणाली, "तुमच्या काळजीपोटीच हो." म्हणजे मित्रासाठी रडायलाही मी आता लायक उरलो नाही. आणि इकडे हीच माणसं मला धक्के खायला गाडीतून घेऊन येतात!

आज घरी पोचल्यावर सुनेनं विचारलं, "बाबा, फरक वाटतो का?" जिना चढताना दम जरा कमी लागला होता. यंत्रामुळे की आशेमुळे, देव जाणे. "वाटतो," मी म्हणालो. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. माझ्याकडे एकदा बघून तो गॅलरीत गेला आणि त्यानं दार हलकेच लोटून घेतलं.

यंत्राचे धक्के हृदयापर्यंत पोचतात की नाही, मला ठाऊक नाही. हा मात्र बरोबर पोचला.