आतून काळी लिंबं

"पानी बी घेतली न्हाई, बगा. बाटली घिऊन आली."

गिरजाबाई हे काही हळू बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर, अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. पण मला मराठी येत नाही अशी त्या घरात सगळ्यांची समजूत होती, त्यामुळे माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलायला त्यांना काही अडचण नव्हती. समोर सुमनअक्का तांब्या-पेला घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना हिंदीत "नहीं, मेरे पास है" म्हणाले होते आणि बाटली उंचावून दाखवली होती.

परगावचं पाणी मला बाधतं, एवढंच कारण होतं. पण ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, गल्लीच्या तोंडाशी निळी कमान होती, आणि अशा गल्लीत आलेल्या पाहुणीनं पाणी नाकारलं की त्याचा काय अर्थ होतो, हे न कळण्याइतकी मी लहान नाही. कळलं तेव्हा तांब्या आत गेला होता. मी बाटली खुर्चीखाली सरकवली.

मी पुण्याच्या एका कंपनीत काम करते. आम्ही वाळवलेली फळं परदेशी पाठवतो. मुख्यतः संत्र्याच्या आणि लिंबाच्या चकत्या, ज्या तिकडे चहाच्या पाकिटांत आणि केकवर जातात. अख्ख्या वाळवलेल्या लिंबाची मागणी या वर्षी पहिल्यांदाच आली, मस्कतहून. आखाती देशांत त्याला लूमी म्हणतात. ते रश्शात, भातात, मटणात टाकतात, नुसतं उकळून पितातही. माल बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या सुमनअक्कांच्या बायकांच्या गटाकडे तयार होता. तो तपासून ट्रकवर चढवायचा, एवढं माझं काम. तपासायची यादी मीच केली होती.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघाले आणि सकाळी भालकीला उतरले. स्टेशनाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि हवेत मळीचा गोडसर, आंबूस वास. न्यायला सिद्दण्णा नावाचे जीपवाले आले होते. मी तेव्हा आमच्या सरांशी फोनवर इंग्रजीत बोलत होते. माझं संपेपर्यंत ते अदबीनं थांबले आणि मग हिंदीत म्हणाले, "बैठो मॅडम." मीही हिंदीत "जी" म्हणाले. तिथेच सगळं ठरून गेलं.

घरी आम्ही मराठीच बोलतो. पण माझी शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं इंग्रजीत झालं. लग्नकार्यात मी मराठीत काही बोलले की चुलत भावंडं एकमेकांकडे बघतात. म्हणून अनोळखी लोकांत मी मराठी ऐकते, बोलत नाही. सिद्दण्णांनी वाटेत घरी फोन लावला. "पुन्याच्या मॅडमला घिऊन जायलोय. व्हय, एकलीच हाय. बोलंना झालीय काही, बाहुली बसवल्यावानी बसलीय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बघण्यासारखं होतंही. भालकीची काळी जमीन मागे पडली आणि औरादच्या वाटेला माती मधूनच तांबडी होऊ लागली. हरभरा निघाला होता, तुरीच्या काड्यांचे ढीग बांधावर रचलेले होते. पाट्या कन्नडमध्ये, पण चहाच्या टपरीवर सिद्दण्णा मालकाशी कन्नडात, शेजारच्या म्हाताऱ्याशी मराठीत आणि माझ्याशी दखनी हिंदीत बोलले, तेही एक कप चहा संपेपर्यंत. तिन्ही भाषा सारख्याच ऐसपैस. मला दोन नीट येतात आणि त्यातली एक बोलायची लाज वाटते.

गावात पोचल्यावर सुमनअक्कांनी विचारलंच, "पुन्याच्या हैत म्हनल्यावर मराठी येत असंल की." त्यावर सिद्दण्णा म्हणाले, "पुन्यात आता समदे भायेरचेच ऱ्हात्यात, अक्का." सगळे हसले. मीही हसले, न कळल्यासारखी. त्यानंतर पाच मिनिटांत पाण्याचा तांब्या आला.

माल गच्चीवर होता. जिना चढून वर गेले आणि दारातच थांबले. गच्चीभर साड्या अंथरलेल्या, त्यांवर लिंबंच लिंबं. काही अजून पिवळट, बरीचशी तपकिरी, आणि कडेला गोणीत भरायला काढलेली अगदी काळपट. वास लिंबाचा नव्हताच. धुराचा, मिठाचा, जुन्या लाकडी पेटीचा होता. कलबुर्गीकडे, आळंद-अफजलपूरच्या बाजूला लिंबाचा भाव पडला की या बायका टेम्पो भरून आणतात. मिठाच्या पाण्यात उकळी देतात आणि गच्चीवर टाकतात. मग रोज हातानं एकेक उलटायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं, सकाळी पुन्हा उघडायचं. सुमनअक्का हे मला हिंदीत सांगत होत्या आणि शब्द अडला की हातानं करून दाखवत होत्या.

गिरजाबाई निवड करत होत्या. सत्तरीच्या असतील. एकेक लिंबू कानाशी धरायचं, हलवायचं, आणि उजवीकडे किंवा डावीकडे टाकायचं. पूर्ण वाळलं की बी सुटून आत खुळखुळतं. मुकं राहिलं तर आत ओल आहे, ते पुन्हा उन्हात. त्या लिंबाकडे बघतसुद्धा नव्हत्या. एक लिंबू त्यांनी माझ्या कानाशी धरलं. वाळलेल्या शेंगेसारखा बारीक आवाज आला. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं, म्हणून मी पर्समध्ये टाकलं. आजही ते माझ्या टेबलावर आहे.

मग मी कामाला लागले. दहा लिंबं निवडली आणि फोडली.

दहाही आतून काळी होती. नुसती काळी नाही, डांबरासारखी. यादीत तिसऱ्या ओळीवर स्पष्ट होतं, काळे डाग असल्यास माल परत. मी फोटो काढून सरांना पाठवले, खाली लिहिलं की माल आतून खराब झाला आहे. त्यांचं उत्तर आलं: "खराब असेल तर परत. तू तिथे आहेस, तू ठरव."

मी ठरवलं. "ये नहीं चलेगा," मी म्हणाले. "अंदर से काला है."

सुमनअक्कांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "अंदर तो काला इच रहता, मॅडम."

"लिस्ट में लिखा है," मी म्हणाले आणि कागद पुढे केला. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि परत दिला.

त्यानंतर त्या दोघी मराठीत बोलल्या, माझ्या समोर, मी भिंत असल्यासारख्या.

"उद्या ट्रक भालकीला येनार," सुमनअक्का म्हणाल्या. "आता काय सांगावं सगळ्यांला? पुन्हा त्या व्यापाऱ्याच्याच दारात जावं लागतंय."

इतकी वर्षं हा माल एक मधला व्यापारी घ्यायचा आणि हैदराबादला स्वतःच्या नावाच्या पोत्यांत भरून पुढं धाडायचा. या वर्षी बायकांनी त्याला नाही म्हटलं होतं. पोत्यांवर पहिल्यांदाच गटाचं नाव छापलं होतं. ती पोती जिन्याशी घड्या करून ठेवलेली मी येतानाच पाहिली होती. त्या वेळी व्यापारी काय म्हणाला होता, तेही मला आता कळलं.

"त्यो म्हनलाच होता," गिरजाबाई म्हणाल्या, "तुमच्या हातचं तिकडं कोन खातंय म्हनून."

"ते जाऊ द्या, आत्या."

"जाऊ द्या काय? ही बी तसलीच. पानी घेतली न्हाई, तवाच मी वळखले. लिंबू काळं हाय म्हनायलीय. लिंबाचं काय न्हाई त्यात."

मी कागदाकडे बघत राहिले. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की मला सकाळपासून सगळं कळतंय, आणि ते सांगायचं धाडस माझं झालं नाही. जितका उशीर होत होता तितकं ते अवघड होत होतं.

जेवायला त्यांनी तरीही बसवलं. माल नाकारणाऱ्या पाहुणीलाही. गरम ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी (आपली अंबाडी), शेंगाची चटणी आणि तुरीचं वरण. वाढताना सुमनअक्का म्हणाल्या, "खाती क्या मॅडम, हमारे यहाँ का?" आवाजात टोमणा नव्हता. मी सगळं खाल्लं. वरण वेगळं होतं. आंबट, पण चिंचेचं नाही, खोल कुठून तरी आलेलं आणि किंचित कडवट. मी वाटी संपवली तर तळाशी एक फोडलेलं लिंबू निघालं. आतून काळं.

"ऐसा लिंबू पहले मेरा भाई लाया था," सुमनअक्का म्हणाल्या. त्यांचा भाऊ मस्कतच्या एका खानावळीत कामाला होता. एकदा सुट्टीवर आला तेव्हा तिथल्या दुकानातली मूठभर काळी लिंबं घेऊन आला आणि म्हणाला, यावाचून तिकडं हंडी चढत नाही. ते पाकीट त्यांनी अजून ठेवलं होतं. फडताळातून काढून माझ्यासमोर उघडलं. आत एकच लिंबू उरलं होतं. त्यांनी ते अंगठ्यानं फोडलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. डांबरासारखं काळं.

मी हात धुऊन गच्चीवर गेले आणि यादी पुन्हा वाचली, या वेळी शेवटपर्यंत. नवव्या ओळीवर लिहिलं होतं: चकतीची जाडी, चार ते सहा मिलिमीटर.

अख्ख्या लिंबाला चकती कुठली? मी आमची संत्र्याच्या चकत्यांची जुनी यादी घेतली होती, तिच्यात संत्र्याच्या जागी लिंबू केलं होतं आणि सही केली होती. संत्र्याच्या चकतीवर काळं दिसलं की ती गेली, हे मला माहीत होतं. अख्खं लिंबू वाळलं की आत काय होतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. आणि सकाळी जिनं सांगितलं, तिला मी कागद दाखवला होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "मागणी काळ्याचीच आहे की. तू खराब म्हणालीस, मला वाटलं बुरशी असेल." मग म्हणाले, "त्यांना चूकबीक सांगत बसू नकोस. या वेळेपुरतं घेतो म्हण. म्हणजे पुढच्या वेळी जपून राहतील."

मी खाली आले आणि नेमकं तसंच केलं. "सर से बात की," मी म्हणाले. "इस बार ले लेंगे."

सुमनअक्कांनी हात जोडले. मला. गिरजाबाईंनी जोडले नाहीत, त्या नुसत्या बघत राहिल्या, पण पदरानं डोळे पुसून त्यांनीही पोती उलगडायला घेतली. शेजारच्या घरातून दोघी बायका धावत आल्या. एकीनं माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली. खुर्चीखालची बाटली उचलली आणि भालकीला मुक्कामाला जायला जीपमध्ये जाऊन बसले.

निळी कमान मागे गेली. ऊन उतरलं होतं, तांबड्या मातीवर बाभळींच्या सावल्या लांब पडल्या होत्या. सिद्दण्णा खुशीत होते. "आपका दिल बडा है, मॅडम," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी घरी फोन लावला. "न्हाई, घेतली की माल. आधी नको म्हनली, मग दया आली बग तिला."

दया. पुण्यात परतल्यावर मी कामाच्या अहवालात काय लिहीन हे मला दिसत होतं: माल तपासला, मंजूर. त्यात एक शब्दही खोटा नसता. मस्कतच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात गिरजाबाईंच्या कानाखालून गेलेलं लिंबू रश्शात पडलं असतं आणि तिथं ते कुणाच्या हातचं म्हणून कुणीही विचारलं नसतं. विचारलं होतं फक्त इथं. गिरजाबाईंनी जन्मभर ‘तुमच्या हातचं नको’ या कारणाची सवय करून घेतली होती, तेच कारण मी त्यांच्यासमोर पुन्हा मांडून आले होते, आणि वर उपकार केल्यासारखी साखर खाऊन आले होते. यादी चुकणं ही चूक होती. ही त्यानंतरची गोष्ट होती, आणि ती मी नीट कळत असताना केली होती.

चिंताकीचा फाटा दिसला तेव्हा मी म्हणाले, "जीप मागे घ्या."

सिद्दण्णांनी ब्रेक लावला. आरशातून माझ्याकडे बघितलं. "मराठी येतंय व्हय तुमाला?"

"येतं."

जीप वळवताना ते म्हणाले, "मग ते बाहुली म्हनलेलं…"

"बरोबर होतं ते," मी म्हणाले.

अंगणात पोती भरणं चाललं होतं. मला बघून सुमनअक्कांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी निघालं. गिरजाबाईंचा हात लिंबू कानाशी धरून तसाच थांबला. मी बाटली जीपमध्येच ठेवली होती. रिकामे हात कुठे ठेवावेत कळेना. गाडीत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले, आणि जशी आली तशी, अडखळत बोलले:

"अक्का, मला मराठी येतं. तुम्ही बोललात ते सकाळपासून सगळं कळत होतं. तुमची लिंबं चांगली होती, पहिल्यापासून. यादी मी चुकीची केली होती, आणि ते कळल्यावरही मी तुम्हाला हात जोडू दिले. आजी, तुमच्या हाताचं काही नव्हतं त्यात. मला थोडं पाणी द्याल का?"