थोरलीचा टाक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हांला सांगते, कारण तुम्ही पद्माला ओळखत नाही.

मला बिजवराला दिली. सासरचे लोक कैक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर बेंगळुरात आलेले. बोलण्यात निम्मं कन्नड, पण रीती घट्ट धरलेल्या. त्यांतली एक — दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर तिचं तोंड उठवलेलं. आमच्याकडे तो तिच्याच पायांतल्या जोडव्यांचा करतात. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी तो माझ्या गळ्यात बांधला. म्हणाल्या, "ती थोरली, तू धाकटी. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग नेसायचं. कळलं?"

कळलं. चांदीच ती — त्यात काय एवढं?

पण पद्मा, थोरलीची मुलगी, पाच-सहा वर्षांची. शाळेतून आली की माझ्या मांडीवर चढे आणि टाकाला ओठ लावून बोले. बाईंनी काय शिकवलं, मांजर कुठं व्यालं, अज्जीनं कसा धपाटा घातला. मग कान लावी. थांबे. मध्येच हसे. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहत नसे. ती उतरली की टाक ऊन लागे — पोरीच्या श्वासानं, दुसरं काय? पण ती शाळेत असतानाही तो कधीकधी तसाच ऊन लागे. मग?

एका दुपारी राजाजीनगराहून बस धरली आणि नगरतपेटेत सोनाराकडे गेले. म्हटलं, हा मोडीत घ्या, बाजारच्या चांदीचा एवढाच दुसरा द्या.

"मुख कुणाचं काढू, अम्मा?"

"कुणाचंही."

त्यानं टाक तराजूत टाकला. मग "सरी, बरं," म्हणाला.

घरात कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी त्याला नेहमीसारखं कुंकू लावलं. नवऱ्यानं तर कधी नीट पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी पद्मा मांडीवर चढली, बोलली, कान लावला. बराच वेळ लावून बसली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं — पहिल्यांदाच.

"अक्का, आई बोलत नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. काय झालं असतं? सासूबाई चार दिवस बोलल्या असत्या. मी मात्र — टाकाचं सोडा, सांगायचं आहे ते हे — मी म्हणाले, "रागावली आहे तुझ्यावर."

"का?"

"तुझं तुला ठाऊक."

ती रडली नाही. त्या दिवसापासून हट्ट बंद, ताटात टाकणं बंद. रोज येई, निमूट कान लावी, उतरून जाई. शेजारणी म्हणत, "दुसरी असून काय वळण लावलंय हो पोरीला!" ते कौतुक मी ऐकून घेतलं. टाक मात्र गार. उन्हाळ्यात, चुलीपुढे बसले तरी गार.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरी निघताना वाकली, आणि माणसांनी भरलेल्या खोलीत टाकाला कान लावला. मग अगदी हळू म्हणाली, "अक्का, आता तरी आईचा राग गेला असेल का गं?"

मी तिचा पदर सारखा केला. म्हणाले, "गाडी थांबलीय."

ती तेच मनात घेऊन गाडीत बसली.