लाफ आणि देवाचे बूट

मी राहते त्या फिनिक्स गावी, माझ्या शेजारणीच्या घरी दादाचा फोन आला. “तुझी वहिनी गेली गं...” एवढंच बोलला. त्याला आता महिना उलटून गेला. आमचं नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती हो म्हणाली की मी नाही म्हणणार. पण माझा भाऊ या बाईमुळे जगला, आणि ते मी चारचौघांत सांगणार आहे.

सत्तरच्या दशकातली, आमच्या बेटावरची गोष्ट. बों अक्योय गावचा आमचा गणपती लॉरीतून समुद्रावर जायचा आणि दादा तो डोक्यावर घेऊन पाण्यात शिरायचा. अनवाणी. देव डोक्यावर असताना पायात काही घालायचं नाही, ही आजोबांपासूनची रीत. वहिनी दक्षिणेकडच्या शमें ग्रेनिए गावची, तिचे भाऊ मासे मारणारे. लग्नानंतरच्या पहिल्याच विसर्जनाला तिने दादापुढे कॅनव्हासचे बूट ठेवले. “पाण्यात लाफ मासा असतो. दगडासारखा दिसतो, दगडातच बसतो, पाठीवर विषारी काटे. माझा काका त्यावर पाय पडूनच गेला.” दादा भडकला. “देव डोक्यावर आणि पायात बूट? वेड लागलं का तुला?” मी अर्थातच भावाची री ओढली.

अनवाणीच शिरलेला दादा कमरेएवढ्या पाण्यात एकाएकी थांबला. मोरयाचा गजर चालूच होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण मूर्ती काही हलू दिली नाही. “देव घ्या... आधी देव घ्या!” दोघांनी मूर्ती धरली मात्र, आणि दादाने जी किंकाळी फोडली... अय्यो, ती अजून कानात आहे. वाळूवर आणला तर गडबडा लोळायला लागला. “पाय तोडा माझा! तोडा रे!” कोणी दोरी आवळायला धावलं, कोणी काटा लागला तिथे चिरायला सुरा काढला.

“पा तूस! हात लावायचा नाही त्याला!” वहिनी अशी ओरडली की सुरा खाली पडला. “दिलो सो आणा, गरम पाणी! या विषाला उष्णता सोसत नाही.” नशीब की परतणाऱ्यांच्या चहासाठी तीन दगडांवर किटलीत पाणी उकळत होतं. तिने ते बादलीत ओतलं, थंड पाणी मिसळलं, आणि दादाचा पाय घालण्याआधी स्वतःचा घातला. मग दोन्ही पाय एकत्र. “त्याला या कळांत काय समजणार? पाय शिजला तरी समजायचं नाही.” बादली, किटली, दादा, सगळं लॉरीत चढवलं. पाणी निवलं की ती आणखी ओतायची आणि स्वतःच्या पायाने बघायची. दादाचे ओठ निळे पडले होते, डोळे फिरत होते. मी मनात म्हणत होते, हा जाणार. आणि हो, वहिनीचा हात मी धरला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

इस्पितळ येईतो किंकाळ्यांचं कण्हणं झालं. पुढचं डॉक्टरांनी केलं. वहिनीच्या पायाला फोड आले होते. मी मलम घेऊन गेले तर म्हणते कशी, “तू गप गं, आधी त्याला चहा दे.”

दादा वाचला, पण त्या पायाची बोटं बधिर राहिली ती कायमचीच. ते बूट मग देवघरात गेले. पाटाशेजारी, धुतलेले, हळदकुंकू लावलेले. दर विसर्जनाला वहिनी दादापुढे बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची आणि घट्ट तर नाहीत ना, म्हणून बुटात दोन बोटं घालून बघायची. दादा म्हणायचा, “सोड, उशीर होतोय!” ती सोडत नसे.

यंदा सुतक, घरात गणपती नाही. विसर्जनाच्या दिवशी मी दादाकडेच होते. शेजारच्यांची मिरवणूक दारावरून निघाली. मूर्ती डोक्यावर घेतलेला त्यांचा जावई अनवाणी. दादा देवघरात गेला, बूट घेऊन फाटकाबाहेर आला आणि सरळ रस्त्यावर बसला.

“पाय पुढे करा.”

“अहो, देव आहे डोक्यावर...”

“असू दे. तो रागवत नाही.”

त्याने नाड्या बांधल्या. मग दोन बोटं बुटात घातली. “घट्ट नाही ना?” जावई म्हणाला, “नाही, काका.” मिरवणूक खोळंबली, ढोलकी वाजत राहिली. दादाने बोटं काढलीच नाहीत.