त्याचं मत, माझी सही

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या लायब्ररीत आम्ही दोघं दर शनिवारी भेटायचो. तो नागपूरचा डॉक्टर, मी पुण्याचा इंजिनिअर. एकमेकांना पुस्तकं सुचवायची आणि राष्ट्राध्यक्षावरून भांडायचं, हा आमचा कार्यक्रम. तो अमेरिकन नागरिक झाला होता आणि राष्ट्राध्यक्षाचा कट्टर भक्त होता. मी ग्रीन कार्डावरच होतो, म्हणजे मताचा हक्क नाही, आणि मला तो माणूस टीव्हीवरही नकोसा व्हायचा. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आमचा एकमेकांवर पूर्ण भरवसा. तो ‘वाच’ म्हणाला की मी पान न चाळता पुस्तक घरी न्यायचो.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. त्यावर हा शहाणा म्हणतो, “ज्याला काम करायचंय त्याला या देशात जॉब मिळतोच, यार.”

मी हातातली पुस्तकं टेबलावर आपटली आणि निघून आलो. पुढे दोन महिने त्याचा फोन आला की मी बायकोला ‘ते घरी नाहीत’ असं सांगायला लावायचो. नोकरी गेलेला माणूस दिवसभर कुठे असतो, हे न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता.

ऑक्टोबरात वहिनींचा फोन आला. “भाऊजी, यांना कॅन्सर आहे. तुम्हाला कळवू नको म्हणाले होते. पण आता फार दिवस नाहीत. या एकदा.”

गेलो तर निम्माच उरलेला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने उशीजवळचं पाकीट पुढे सरकवलं. त्यात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची, टपालाने पाठवायची मतपत्रिका होती. कार्डावर टोचून भोक पाडायचं होतं, आणि त्याचे हात थरथरत होते.

“तू कर.”

“वहिनींना सांग ना.”

“ती कालपासून रडतेय. तू कर. कोणाला द्यायचं ते माहितीय तुला.”

माझं डोकं सणकलं. त्या राष्ट्राध्यक्षाला मत, आणि तेही माझ्या हाताने! शेजारच्या उमेदवारापुढे टोचलं असतं तर त्याला कळलंही नसतं. तो डोळे मिटून पडला होता. मी त्याच्याच माणसापुढे भोक पाडलं आणि खाली मदत करणारा म्हणून सही केली. कार्ड त्याच्यासमोर धरलं, तर त्याने बघितलंच नाही.

“टाक पाकिटात,” म्हणाला. मग, “जॉबचं काय?”

“बघतोय.”

“त्या दिवशी मी जास्तच बोललो.”

मी पाकीट चिकटवून बंद केलं.

“बरं, आता काय वाचू ते सांग.”

नव्वद पानांचं एक सुंदर पुस्तक मी नुकतंच संपवलं होतं. त्याला ते नक्की आवडलं असतं. नाव ओठांवर आलं होतं, पण त्याला पातळ पुस्तक सुचवायचा मला धीर झाला नाही. मी एका आठशे पानी कादंबरीचं नाव सांगितलं.

“एवढी जाड?”

“सावकाश वाच,” मी म्हणालो.