कुंदाचं गाऱ्हाणं

दुपारची पेज भरवून झाली, दिगूचं तोंड पुसून झालं, त्याला डाव्या कुशीवर वळवून पाठीशी उशी लावून झाली, आणि आता कुंदा खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून तांदूळ निवडते आहे. तांदळात खडे फारसे नाहीतच. पण हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे धावतं, म्हणून ती निवडलेलेच पुन्हा निवडते. बाहेर ऊन भाजून काढतंय, कोंबड्यासुद्धा गप्प आहेत. दिगूचा श्वास घरघरतोय. त्या घरघरीला कान लावून डुलकी काढायची तिला सवय झाली आहे. आवाज थांबला तर जाग येईल, एवढीच काय ती तिची झोप.

दिगंबर घाडी हा तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी नारळ सोलता सोलता कोसळला आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं एका झटक्यात गेलं. समोरचं त्याला कळतं, डोळे भरून येतात, पण तोंडातून 'आं' च्या पलीकडे काही फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. देवाने मात्र 'बघू' म्हटलं नाही. दिगू बरा होणार का, म्हणून देवळात पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. डावी पडली तर नकार, उजवी पडली तर होकार. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा उजवी पडली. गाव खूश झालं. इकडे दिगूच्या पाठीला माकडहाडाशी बोट जाईल एवढी जखम झाली. कौल उजवा आणि माणूस उजव्या अंगानेच मेलेला, ही काय थट्टा लावली आहे, असं एकदा कुंदाच्या मनात आलं, आणि तिने घाबरून स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली.

असं मनात आणणं तिला शोभणारं नव्हतं. ती आबा घाडींची सून. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान या घराचा. ज्याचं जे दुखणं असेल ते त्याने आबांना सांगायचं, मग आबा देवासमोर उभे राहून ते खणखणीत आवाजात मांडणार, आणि त्यांचं वाक्य संपलं की जमलेली माणसं एका सुरात म्हणणार, 'व्हय म्हाराजा!' आबा जाऊन बरीच वर्षं झाली. मान चुलत दिराकडे, काशिनाथकडे गेला. तो दर सोमवारी दिगूसाठी गाऱ्हाणं घालतो, 'बरो कर' म्हणतो. कुंदा डोक्यावर पदर घेऊन मागे उभी राहते आणि सगळ्यांबरोबर 'व्हय' म्हणते. तिला खरं काय मागायचं आहे ते ती काशिनाथला सांगू शकत नाही. देवाला तर त्याहून नाही. दिगूला कसं सांगणार? ते तिने पोटात ठेवलंय आणि ते आतून तिला खातंय.

बोटं मंदावतात. तांदळाचा एक दाणा चिमटीत येतो आणि तिथेच राहतो. घरघर लांब जाते, व्हाळाच्या पाण्यासारखी होते.

"तांदूळ सांडतलंस गो."

कोणीतरी तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवतं. बघते तर आबा. उघडे, खांद्यावर उपरणं, कानांत पांढरे केस, तोंडात विडा. कुंदाला नवल वाटत नाही. ती फक्त घाईघाईने पदर सारखा करते.

"आबानू, तुमी कधी इलास?"

"तू बोलयलंस तेवा."

"मी खंय बोलयलंय?"

"मगे रडत होतां कोण? मांजार?"

मेल्यावरही म्हाताऱ्याची खोड जात नाही. कुंदाला हसू येतं, आणि हसू आलं म्हणून लगेच अपराधी वाटतं. आबा दाराकडे निघालेले असतात. "चल. देवळात चल," ते मागे न बघता म्हणतात.

उंबऱ्याबाहेर अंगण असायला हवं. पण बाहेर इस्पितळाचा लांबच लांब बोळ आहे, गोव्याचा, जिथे दिगूला पहिल्यांदा नेलं होतं. भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या, फिनेलचा वास. मध्येमध्ये देवळाचे लाकडी खांब उभे आहेत, आणि सलाईनच्या दांड्यांना पितळेचे दिवे टांगले आहेत. बाकांवर गाव बसलंय. सगळी ओळखीची माणसं, पण एकही मान वर करत नाही. कुंदा त्यांच्यासमोरून जाते, तेव्हा ती आपापल्या पायांकडे बघत राहतात.

बोळ संपतो तिथे गाभारा आहे. गाभाऱ्यात पाषाण नाही. पाषाणाच्या जागी दिगूची खाट आहे आणि खाटेवर दिगू. त्याच्या कपाळावर, छातीवर, मेलेल्या हातावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आहेत. कुंदा एखादी पडायची वाट बघते. एकही पडत नाही.

आबा घसा साफ करतात. हात जोडतात. त्यांचा तो आवाज, जो ऐकून पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची, तसाच अजून शाबूत आहे.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेक कुंदा तुज्या पायाकडे इली आसा. तिच्या घोवाची जी काय इडापिडा आसात ती दूर कर आणि तेका पयल्यासारको हिंडतो फिरतो कर रे म्हाराजा!"

आवाज बोळभर जातो आणि परत येतो. कोणी 'व्हय' म्हणत नाही. कुठेतरी सलाईनचा थेंब पडतो. आबा पुन्हा तेच म्हणतात, अजून जोरात. बाकांवरची माणसं पाय हलवतात, एवढंच. कुंदा स्वतः म्हणायला जाते, तर तिचेच ओठ उघडत नाहीत.

"बगलंस?" आबा तिच्याकडे वळतात. "मेल्ल्या माणसाचां गाऱ्हाणां कोण आयकणा नाय. तू घाल."

"मी? बायलमाणसान गाऱ्हाणां घालूचां नसता."

"कोणी सांगल्यान?"

"तुमीच!"

"जितो होतंय तेवा मी कायच्या काय सांगलंय," आबा म्हणतात आणि पिंक टाकतात.

पिंक पाण्यात पडते. ती दोघं व्हाळावर आहेत. कुंदा गुडघाभर पाण्यात उभी, हातात दिगूच्या खाटेवरची चादर, जी ती रोज सकाळी इथे धुते. डाग निघत नाही. ती दगडावर आपटते, चोळते, तो अजून पसरतो. व्हाळाच्या मधोमध खाट आहे. पाणी तिच्या पायांना वळसे घालून जातंय आणि दिगू आभाळाकडे बघत पडलाय. आबा दगडावर उकिडवे बसून नवा विडा लावताहेत.

"बोल."

कुंदा चादर टाकून हात जोडते. "बा देवा म्हाराजा, तुज्या किरपेन आमचां सगळां बरां आसा, फक्त एवढां—"

"थू!" आबा म्हणतात. "ह्यां खोटां. काशिनाथाक सांग असलां."

तिला राग येतो. या घरात आल्यापासून तिने कधी सासऱ्याला उलट शब्द केला नव्हता, पण आता तिचं डोकं फिरतं, आणि त्या रागातच तिच्या तोंडून पहिलं खरं वाक्य निघतं.

"माका झोप होयी!"

"व्हय म्हाराजा," आबा शांतपणे म्हणतात. जसं रोजचंच आहे.

कुंदा थबकते. असंही चालतं तर. मग ती दुसरं काढते, जरा हळू आवाजात.

"माज्या हातांका तेच्या जखमेचो वास येता. साबणान जाणा नाय. त्याच हातान मी जेवतंय."

"व्हय म्हाराजा."

"आमचां चेडू फोनावर म्हणता, आये, धीर धर. मी आता कितको धरू?"

"व्हय म्हाराजा."

"तू तीनदा कौल दिलंस. तीनदा! आणि माका फसयलंस. माका तुजो राग येता. दर सोमवारी तुज्या समोर उबी ऱ्हवतंय, आणि माका तुजां तोंड बगूचां नसता."

आता आपल्यावर काहीतरी कोसळणार म्हणून ती खांदे आखडून घेते. काही कोसळत नाही. पाणी वाहतंय. आबा पानाचा शेंडा खुडतात.

"व्हय म्हाराजा," ते म्हणतात. "फुडे?"

"फुडे काय नाय."

"आसा."

ती खाटेकडे बघते. दिगूची बरगडी न् बरगडी मोजता येईल, असा झालाय. हाच माणूस लग्नानंतर पहिल्या जत्रेत गर्दीतून वाट काढत तिला खांद्यावर घ्यायला निघाला होता, आणि ती लाजून पळाली होती. तेव्हा खांद्यावर बसले असते तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटतं.

"तेका बरो कर," ती म्हणते. "आणि करूक जमणा नसात तर... तर व्हरून टाक. असो ठेव नको. सडत ठेव नको माज्या घोवाक. घेवन जा."

व्हाळाचं पाणी थांबतं. आबा यावेळी काहीच म्हणत नाहीत. ते उठून पाण्यात येतात, उपरण्याच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढून तिच्या उजव्या हातावर ठेवतात आणि तिची बोटं मिटतात. त्यांचा हात थंड आहे, पण जड नाही.

"मोठ्यान बोल," ते म्हणतात. "जेच्यासाठी बोलतंस तेका आयकाक जावंदे."

"देवाक?"

आबा खाटेकडे बघतात.

आणि कुंदा ओरडते. गळ्याच्या शिरा ताणून, लाजलज्जा गुंडाळून, गाव जमवल्यासारखी ओरडते, "देवा, बरो कर, नायतर घेवन जा!" आणि कुठूनतरी, अगदी जवळून, उत्तर येतं.

"व्हय म्हाराजा."

तो आवाज आबांचा नाही.

सूप पालथं पडलंय. जमिनीवर तांदूळच तांदूळ. ऊन खिडकीवरून खाटेच्या पायापर्यंत सरकलंय. कुंदाचा घसा खरवडल्यासारखा दुखतोय, आणि घर असं गप्प आहे, जसं कोणीतरी नुकतंच मोठ्याने बोलून गेल्यावर असतं. आपण हे मोठ्याने बोललो? खरंच?

ती उठून वळते. दिगूचे डोळे उघडे आहेत. तो तिच्याकडेच बघतोय.

"मी झोपेत कायतरी बडबडलंय," ती म्हणते. "सपान पडलां. आबा इलेले. तुमी मनार घेव नकात, माका..." दोन वर्षं गू-मूत काढलं, कधी कपाळाला आठी दाखवली नाही, आणि आता हे ऐकवलं. त्यापेक्षा जीभ झडली असती तर बरं.

दिगूचे ओठ हलतात. डावीकडचा कोपरा वर जातो, खाली येतो. गालाची शीर उडते. कुंदा नेहमीच्या 'आं' ची वाट बघते.

"व्ह... व्हय म्हाराजा."

स्पष्ट. लहान मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं तसं, अडखळत पण पुरं. कुंदा खाटेची कड धरते. लहानपणी चालताही येत नव्हतं तेव्हापासून हा आबांच्या कडेवर बसून देवळात हे म्हणत आलाय. सगळे शब्द गेले, तळाशी हे एवढेच उरले असतील. डॉक्टर याला काय म्हणतील ते म्हणोत.

"तुमी आयकलास?"

"व्हय म्हाराजा."

"सगळां?"

त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघून उशीत जिरतं. "व्हय म्हाराजा."

कदाचित त्याच्याकडे दुसरे शब्दच नाहीत. काहीही विचारलं तरी तो हेच म्हणेल. असं तिच्या मनात येतं न येतं तोच त्याचा डावा हात चादरीवरून सरकायला लागतो. चाचपत, थांबत, तो मेलेल्या उजव्या हाताकडे जातो. पोहोचतो. बोटं त्या लाकडासारख्या हाताला उचलायला बघतात, निसटतात, पुन्हा बघतात. तो काय करतोय हे कुंदाला उशिरा कळतं. त्याला हात जोडायचेत.

ती खाली बसते. त्याचा उजवा हात उचलायला मूठ उघडते, तेव्हा तिच्या लक्षात येतं की मूठ मघापासून घट्ट मिटलेली आहे. आत तांदूळ आहेत. ओले. घामाने भिजले म्हणावं तर डावा तळहात कोरडा ठणठणीत आहे.

ती त्यातले थोडे दिगूच्या तळहातावर ठेवते, त्यावर त्याचा दुसरा हात आणते आणि दोन्ही हातांना बाहेरून आपले हात लावते. गाऱ्हाणं कसं सुरू करतात ते तिला पाठ आहे. एवढी वर्षं मागे उभी राहून ऐकलंय. आवाज आबांसारखा लागत नाही, चिरकतो.

"बा देवा म्हाराजा," कुंदा म्हणते, "आमी दोगांय दमलंव."

आणि थांबते. दिगूच्या ओठाचा डावा कोपरा वर जातो.

"व्हय म्हाराजा," दिगू म्हणतो.