खाडीवरच्या दोन होड्या आणि मी वाचलेली बातमी

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे बरंचसं. निदान होड्या दोन होत्या, एवढं तरी खरं धरा. आता काय सांगू तुम्हाला, मी माझ्याच पायावर कसा धोंडा पाडून घेतला ते!

आमच्या खाडीवर दोनच होड्या. एक धाकूदादाची, दुसरी हिरूदादाची. आधी भाडं दोन आणे होतं. दोघांनी मिळून चार आणे केलं. घासाघीस करणार कुणाशी? पोहत जायचं?

तेवढ्यात भज्यांच्या कागदावर मला बातमी सापडली. मोठे कारखानदार आपसात ठरवून भाव चढवतात, सरकार त्यांच्यावर नजर ठेवणार. होडीवाल्या दोघांनाही वाचता येत नव्हतं. मी धक्क्यावर बसून ती बातमी मोठ्याने वाचली आणि शेवटी चार ओळी पदरच्या घातल्या.

"यात खाडीवरचे होडीवालेही आले," मी वाचलं.

धाकूदादाची विडी विझली. "आमचा नाव हाय त्यात?"

"नाव नाय. खाडीचं नाव हाय."

"मंग आता काय करायचा?"

"भाडं ज्याचं त्याने लावायचं. दोघांनी मिळून ठरवायचं नाय."

"निस्ता भाडा, का कायच न्हाय?" हिरूदादाने विचारलं.

इथे मी थांबायला हवं होतं. "कायच नाय," म्हटलं. "एकमेकांशी बोललात तरी गुन्हा."

दुसऱ्या दिवशी भाडं तीन आणे. मग दोन. आठवड्याने एक आणा, वर धाकूदादाकडून विडी. गावात मी छाती काढून फिरत होतो.

आणि मला पलीकडच्या गावात मुलगी बघायला जायची वेळ आली. आधीची दोन स्थळं फिसकटलेली. आईने बजावलं, "दहाच्या आत पोचायचं. हेही गेलं तर पुढचं तुझं तू बघ."

इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, सोबत आई. धक्क्यावर येतो तर होडीच नाही.

दोन्ही होड्या पलीकडे. पूर्वी एक इकडे असायची, एक तिकडे. तेही त्यांनी मिळूनच ठरवलेलं, हे माझ्या डोक्यात कधी आलं असेल? आज पलीकडे बाजार. परतणारी सगळी गिऱ्हाइकं तिकडेच.

"धाकूदादा, ये ना रे इकडे!"

"मी आलो तं समदी गिऱ्हाइका हिरू नेल!"

"मग हिरूदादा, तू ये!"

"कोन येनार ते ठरवाला बोलाला लागल. बंदी हाय ना!"

मला उतरवून घ्यायला मुलीचे वडील छत्री घेऊन पलीकडच्या धक्क्यावर उभे. दहा वाजत आलेले. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "बंदीबिंदी काय नाय! मी खोटंच वाचलेलं!"

पाण्यावरून आवाज काय स्वच्छ जातो म्हणून सांगू. अख्ख्या बाजाराने ऐकलं.

दोघे होडीवाले कितीतरी दिवसांनी एकमेकांशी बोलले. बराच वेळ बोलले. मग धाकूदादा आला.

"मावशी, तुमचे चार आने," तो आईला म्हणाला. "याचा रुपाया."

पोचेपर्यंत साडेदहा. मुलीचे वडील म्हणाले, "मुलगा बघायला उभा होतो. इथूनच ऐकला." आणि छत्री उघडून चालते झाले.

महिनाभर निरोप नाही. मग कळलं, ही हकिगत ऐकून मुलगी दोन दिवस हसत होती आणि शेवटी हटून बसली, करीन तर यालाच. झालं लग्न.

म्हणजे सासुरवाडी खाडीपलीकडे. सगळ्या जगाला चार आणे आणि मला रुपया, होडी कुणाचीही असो.

बायको कालच माहेरी गेलीय. उद्या तिला आणायला जायचं, माझे जाऊन येऊन दोन रुपये. तेव्हा चहाचं तुम्ही द्या. आणि सुटे असतील तर ते दोन रुपयेही काढा.